वसंतातली साफसफाई आणि बाहेरचा वेळ : दोन्ही एकाच वेळापत्रकात कसं बसवायचं?

कोरडाफडका (धागाकर्ता)

वसंतात घर आवरायला घेतलं की बहुतेक जण दोन दिवस घरात कोंडून घेतात आणि संध्याकाळी दमून, शिंकत, चिडचिडत बसतात. ज्या मनःस्वास्थ्यासाठी हा घाट घातला तेच हरवतं. चूक कामाच्या क्रमात आणि वेळेच्या हिशेबात असते. साफसफाईत काही वेळ असा येतो की तेव्हा खोलीत कुणी नसणंच चांगलं. तो वेळ झाडाझुडपांत घालवायचा, एवढीच या धाग्याची मूळ कल्पना.

कारण साधं आहे. झटकलेली धूळ लगेच खाली बसत नाही. हवा स्थिर असेल तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला साधारण ८ मिनिटं लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून थोडं जास्त, आणि १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास. झटकून झाल्या झाल्या फरशी पुसली की तासाभरात तिच्यावर पुन्हा थर दिसतो तो यामुळेच. शिवाय त्या वेळात आपण तीच धूळ नाकातोंडात घेत असतो.

म्हणून एका खोलीचा क्रम असा ठेवा. आधी वरची जळमटं, पंखा, कपाटाचा माथा, मग पडदे, मग फळ्या. सगळं वरून खाली आणि सगळं कोरडं. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढला तर धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. हा टप्पा ४०-४५ मिनिटांत संपवायचा. मग खोलीचं दार लावून, हात-तोंड धुऊन, ४० मिनिटं बाहेर. परत आल्यावर ओल्या फडक्याने आडवे पृष्ठभाग आणि शेवटी फरशी. एका दिवसात एक खोली, फार तर दोन. आठवड्यात अशा तीन फेऱ्या झाल्या की बाहेरचे १२० मिनिटं आपोआप होतात. हा आकडा का निवडला त्यावर जाणकारांनी लिहावं.

फडक्यांबद्दल एक गोष्ट. मायक्रोफायबरचं फडकं किंचित ओलसर हवं, निथळणारं नको. धुताना त्याला कपडे मऊ करणारं द्रव्य लावू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं धूळ पकडेनासं होतं.

---

पायवाट

१२० मिनिटांचा आकडा २०१९ साली सायंटिफिक रिपोर्ट्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासातला आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांना गेल्या आठवड्यात निसर्गात किती वेळ घालवला ते विचारलं होतं. १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ घालवणाऱ्यांत प्रकृती चांगली असल्याचं आणि समाधानी असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण अधिक होतं. हा वेळ एकाच फेरीत घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. २०० ते ३०० मिनिटांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही.

पण हे नीट समजून घ्या. हा सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांची तब्येत बरी तेच जास्त बाहेर पडतात असंही काही अंशी असणार. त्यामुळे ११० मिनिटं झाली तर वाया गेली असं मुळीच नाही. आणखी एक म्हणजे, घराच्या स्वतःच्या बागेतला वेळ त्या हिशेबात धरलेला नव्हता.

एका फेरीच्या लांबीसाठी त्याच वर्षीचा मिशिगन विद्यापीठातला छोटा अभ्यास जास्त उपयोगी आहे. शहरात राहणारे ३६ लोक, ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा किमान १० मिनिटं निसर्गात. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) मोजलं तेव्हा २० ते ३० मिनिटांच्या बैठकीत ते सर्वांत वेगाने उतरताना दिसलं. त्यानंतरही उतरत राहिलं, पण सावकाश. अटी महत्त्वाच्या होत्या: दिवसाचा उजेड, धावणं किंवा घाम काढणारा व्यायाम नाही, फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही. कानात गाणी लावून भराभर चालून येणं हा वेगळा, चांगलाच प्रकार आहे. पण या अभ्यासात मोजलं ते हे नव्हे.

तेव्हा तुमच्या ४० मिनिटांत १० मिनिटं जायला-यायला धरली तरी मधली ३० नेमकी बसतात.

---

ओलसरभिंत

कोरडाफडका, दार लावून जाण्याबद्दल एक शंका. सगळीकडे खिडक्या उघडून हवा खेळवा असं सांगतात. तुम्ही बंद खोलीत धूळ बसू द्या म्हणता. यातलं बरोबर काय?

---

कोरडाफडका

दोन्ही, पण एकामागून एक. समोरासमोरच्या खिडक्या उघडता येत असतील तर झटकून झाल्यावर ५-१० मिनिटं आरपार वारा घ्या. यात न बसणारे बारीक कण बाहेर जातात. मग खिडक्या लावा आणि जा, म्हणजे जड कण शांतपणे खाली बसतात. एकाच बाजूला खिडकी असेल तर वारा घिरट्या घालतो आणि धूळ फक्त जागा बदलते; तिथे खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून पंखा लावावा. तळमजल्यावर खिडक्या उघड्या टाकून जायची सोय नसते, तिथेही हा क्रम चालतो.

यात पाळीव मांजराचं घर अपवाद समजा. धुळीतल्या सूक्ष्म किडींचे ॲलर्जी करणारे घटक मोठ्या कणांवर असतात आणि अर्ध्या तासात बरेचसे खाली येतात. मांजराचे मात्र फार बारीक कणांवर बसून तासन्‌तास तरंगतात. तिथे हवा बाहेर काढण्यावर भर हवा. नुसती वाट पाहून भागत नाही.

---

रानजाई

परागकणांची ॲलर्जी असलेल्यांसाठी हे वेळापत्रक थोडं बदलावं लागतं. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हवेत पराग जास्त असतात आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर कमी. तेव्हा पाऊस झाला की बाहेरची फेरी आणि खिडक्या उघडणं, दोन्ही त्या दिवसाला जोडा. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी कपाटं आणि कागदपत्रं आवरा.

परत आल्यावर कपडे झोपण्याच्या खोलीत न नेता बदला, केस धुवा, आणि धुतलेल्या चादरी त्या दिवसांत बाहेर वाळत घालू नका. ओली चादर वाळता वाळता पराग गोळा करते आणि रात्रभर आपण त्यावर नाक ठेवून झोपतो. बाहेर टोपी घातली तर केसांतून येणारे पराग बरेच कमी होतात.

उंच गवतात जाणार असाल तर पूर्ण पायांचे कपडे घाला आणि आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेभोवती, केसांच्या कडेला गोचीड आहे का ते बघा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायचं नाही, तेल लावायचं नाही, चटका द्यायचा नाही. त्याने ती सुटायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती चिकटून राहते.

---

तुळई

गादीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि झोपेवर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतो.

चादरी आणि अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले की धुळीतल्या किडी मरतात. कोमट पाण्याने त्यांची विष्ठा धुतली जाते, पण बऱ्याच किडी जिवंत राहतात. ज्या वस्तू गरम पाण्यात टाकता येत नाहीत (मऊ खेळणी, लोकरी उशा) त्या पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये किमान २४ तास ठेवाव्यात, जाड असतील तर ४८. मात्र गोठवल्याने किडी मरतात, ॲलर्जीचं कारण असलेली विष्ठा तशीच राहते. म्हणून नंतर धुणं किंवा झटकणं आलंच. उन्हाचंही तेच. कडक ऊन आणि कोरडी हवा यांनी किडी मरतात, पण गादी उन्हातून आणून तशीच पलंगावर टाकली तर अर्धं काम राहिलं. ऊन दिल्यावर दोन्ही बाजूंनी सावकाश व्हॅक्युम करा, विशेषतः शिवणी आणि बटणांच्या खळग्यांत.

व्हॅक्युमला हेपा दर्जाची गाळणी हवी. ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. साध्या पिशवीच्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. हेपा नसेल तर गादीचं काम गच्चीत किंवा अंगणात करा.

---

ओलसरभिंत

आता माझ्या विषयावर येतो: बुरशी. वसंतात कपाट हलवलं की मागे काळे डाग सापडतात, आणि लोक दोन चुका करतात. एक, कोरड्या ब्रशने खरवडतात. त्याने बीजाणू (बुरशीचे बीजासारखे सूक्ष्म कण) घरभर पसरतात. दोन, वरून रंग लावतात. काही महिन्यांत पोपडे धरतात आणि डाग पुन्हा वर येतो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. भिंत वरून कोरडी करून हातभर ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतला बाष्प थंड भिंतीवर जमतोय. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. पहिल्या प्रकारात कपाट भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पुढे ओढा, कपडे खोलीत वाळत घालणं थांबवा, आर्द्रतामापक आणून खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ६० च्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या प्रकारात नळ, गच्ची किंवा बाहेरचा गिलावा दुरुस्त केल्याशिवाय पुसण्याला काहीही अर्थ नाही.

डाग साधारण १ चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर घरीच साफ करता येतो. एन-९५ मुखपट्टी, छिद्रं नसलेला चष्मा, रबरी हातमोजे. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. साबणाच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, आणि भिंत पूर्ण वाळवायची. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही, हा नियम इथेही लक्षात ठेवा. बुरशी लागलेला पुठ्ठा, फोम, छताची सच्छिद्र पाटी स्वच्छ होत नाही, टाकून द्या. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने हे काम करूच नये.

---

दवबिंदू

बुरशीवर ब्लीच चालत नाही का? जंतुनाशक म्हणून तेच वापरलं जातं.

---

ओलसरभिंत

फरशी, टाइल, काच अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर चालतं. गिलावा आणि लाकूड यांत ते खोल जात नाही. पाणी मात्र जातं, आणि बुरशीला तेच हवं असतं. वरचा रंग उडतो, मुळं राहतात.

जंतुनाशक म्हणून वापरायचंच असेल तर ५ ते ९ टक्के तीव्रतेच्या घरगुती ब्लीचचं प्रमाण १ लिटर साध्या पाण्याला २० मि.ली. असं धरा, बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. आधी साबणाने मळ काढा, कारण मळावर ब्लीच खर्ची पडतं. पृष्ठभाग किमान १ मिनिट ओला राहिला पाहिजे. लगेच पुसून घेतलं तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. केलेलं मिश्रण २४ तासांनी ओतून द्या, त्याचा जोर गेलेला असतो.

आणि हे कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेला काच-क्लीनर मिसळला की क्लोरामाइन वायू. दोन्ही वायूंनी फुप्फुसं भाजतात. एकाच बादलीत न मिसळताही हे घडतं: संडासात ॲसिड टाकून, नीट पाणी न ओतता वर ब्लीच टाकलं तरी. डोळे-घसा चुरचुरला तर पुसत बसू नका, लगेच मोकळ्या हवेत जा आणि तिथेच थांबा.

---

कोरडाफडका

याला जोडून: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याचा प्रकार फार चालतो. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. खाली उरतं ते पाणी आणि सोडियम ॲसिटेट. दोघांनी एकमेकांना मारून टाकलेलं असतं. सोडा घासायला वेगळा वापरा, व्हिनेगर क्षार काढायला वेगळं. शॉवरच्या जाळीला आणि किटलीला व्हिनेगर किंवा लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड उत्तम; संगमरवराला दोन्ही अजिबात नको, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटच आहे आणि ॲसिडने त्याची चकाकी कायमची जाते.

स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी स्टीलची असेल तर उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, १५-२० मिनिटं.

फवाऱ्यांऐवजी द्रव फडक्यावर ओतून पुसा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २० वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरी किंवा नोकरीत साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता, ती न करणाऱ्यांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. रोज हे काम करणाऱ्या बायकांच्या श्वासाचा प्रश्न आहे हा, आणि तो घरोघरी गांभीर्याने घ्यायला हवा. लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाने खोली स्वच्छ होत नाही. ती वासाची द्रव्यं हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड तयार करतात.

---

दवबिंदू

अडगळीचं काय? धूळ-ओल यांपेक्षा तिथेच लोक अडकतात.

---

तुळई

अडकतात, कारण सगळं कपाट एकदम पलंगावर रिकामं करतात. निर्णय घेण्याची ताकद तासाभरात संपते, ढीग उरतो, आणि रात्री झोपायला जागा करण्यासाठी तो जसाच्या तसा परत कोंबला जातो. म्हणून घटक लहान घ्या: एक खण, एक फळी. २५ मिनिटांत बंद होईल एवढाच. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं आणि ठरत नाही अशा चार पेट्या. चौथीवर आजची तारीख घालून ती बांधा. तीन महिन्यांत उघडली नाही तर न बघता देऊन टाका. द्यायची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. दाराशी ठेवलेली पिशवी आठवड्यात उचकली जाते.

जुनी औषधं संडासात टाकू नका, ती पाण्यात जातात. परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि त्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. दाबल्या गेल्या की पेटतात. उंदरांच्या लेंड्या सापडल्या तर झाडू नका. अर्धा तास हवा खेळवा, हातमोजे घालून जंतुनाशकाने ५ मिनिटं भिजवा, मग कागदाने उचला.

पसाऱ्याचा मनावर परिणाम होतो याला आधार आहे. २०१० साली लॉस एंजेलिसमधल्या ३० जोडप्यांच्या अभ्यासात, स्वतःच्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत करणाऱ्या स्त्रियांचं कॉर्टिसॉल दिवसभरात हवं तसं उतरत नव्हतं. अर्धवट कामं हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. घर किती चकचकीत आहे यापेक्षा हाती घेतलेलं संपलं की नाही याने जिवाला जास्त फरक पडतो, असं माझं मत.

---

पायवाट

याच मुद्द्यावर: ज्यांना दीर्घ उदासी आहे त्यांच्यासाठी क्रम उलटा करावा. आधी बाहेर, मग काम. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो, घरात दिवे लावून १०० ते ५००. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे आणतो, रात्री झोप वेळेवर येते. सकाळी २०-३० मिनिटं उजेडात बसून आल्यावर फक्त एक टेबल पुसायचं. तेवढं झालं की त्या दिवसाचं काम झालं. घरातल्यांनी "आता एवढंही होत नाही का" असं म्हणू नये. हे उपचाराच्या जोडीने करायचं असतं, त्याच्या जागी नव्हे. वस्तू टाकताना असह्य घालमेल होत असेल, खोल्या वापरता येईनाशा झाल्या असतील, तर तो साठवणुकीचा विकार असू शकतो. तिथे नातेवाईकांनी परस्पर घर रिकामं करणं घातक ठरतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

ज्यांना बाहेर पडताच येत नाही त्यांची खाट खिडकीशी सरकवा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. म्हणून खिडकीची काच आधी पुसा, बाकीचं नंतर.

---

दवबिंदू

काच पुसली की उन्हात पट्टे दिसतात. आणि घरात झाडं ठेवली तर हवा शुद्ध होते ना?

---

कोरडाफडका

ऊन थेट पडत असताना काच पुसू नका, पाणी ओढायच्या आत वाळतं. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंबच घाला, जास्त साबण म्हणजे जास्त पट्टे. रबरी पट्टी वरून खाली ओढा, दर वेळी तिची कड पुसा. त्याआधी खोबणी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्युमने साफ करा, नाहीतर चिखल होतो. जाळ्या काढताना चौकटीवर पेन्सिलने आकडे घाला. सारख्या दिसल्या तरी अदलाबदल झाली की बसत नाहीत.

झाडांनी हवा शुद्ध होण्याची गोष्ट बंद पेटीतल्या प्रयोगांवरून आली. खऱ्या खोलीत खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. बघून बरं वाटतं म्हणून जरूर ठेवा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, आणि कुंडीखालची ताटली कोरडी ठेवा.

---

रानजाई

शेवटी बागेचं, कारण घराच्या हुरूपात लोक तिचाही केर काढतात. जिथे हिवाळा कडक असतो तिथे एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या पोकळ काड्यांत आणि बरेच कीटक पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतात. दिवसाचं तापमान सलग काही दिवस १० अंशांच्या वर राहीपर्यंत काड्या कापू नका, हा बागकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. कापताना २० ते ४५ सेंटिमीटरचे खुंट ठेवा, नवी पिढी त्यातच घर करते. पाला वाटेवरचा गोळा करा आणि झुडपांच्या बुडाशी ढकला; जाळू नका.

कुंपणाची झुडपं छाटण्याआधी पाच मिनिटं लांब उभं राहून बघा. एखादा पक्षी चोचीत काडी किंवा अळी घेऊन त्याच फांदीत पुन्हा पुन्हा शिरत असेल तर आत घरटं आहे. पिल्लं उडेपर्यंत ती बाजू तशीच ठेवा.